रेचल कार्सन

रेचल लुईस कार्सन (२७ मे १९०७ – १४ एप्रिल १९६४) या अमेरिकन सागरी जीवशास्त्रज्ञ, लेखिका व निसर्गसंवर्धक होत्या. अमेरिकेच्या मत्स्य व वन्यजीव सेवेत त्यांनी सुमारे दीड दशक जीवशास्त्रज्ञ आणि संपादक म्हणून काम केले. समुद्रविषयक तीन ग्रंथांमुळे त्यांना वाङ्मयीन कीर्ती लाभली. कृत्रिम कीटकनाशकांच्या अनिर्बंध वापराचे दुष्परिणाम मांडणाऱ्या 'सायलेंट स्प्रिंग' (१९६२) या ग्रंथामुळे त्यांचे नाव जगभर पोहोचले. आधुनिक पर्यावरण चळवळीच्या प्रारंभाशी हा ग्रंथ जोडला जातो. मासे, पक्षी व अन्य नैसर्गिक संपत्तीविषयीचे सरकारी संशोधन अहवाल वाचणे, पडताळणे आणि सामान्य नागरिकाला समजेल अशा भाषेत मांडणे हे त्यांचे नोकरीतील नित्याचे काम होते. 'सायलेंट स्प्रिंग'चा पाया याच कामात घातला गेला.

बालपण आणि शिक्षण

कार्सन यांचा जन्म पेनसिल्व्हेनिया राज्यातील स्प्रिंगडेल या गावी झाला. अ‍ॅलेगेनी नदीजवळच्या सुमारे ६५ एकर जमिनीवर त्यांचे घर होते. वडील रॉबर्ट आणि आई मारिया यांच्या तीन अपत्यांपैकी त्या सर्वांत धाकट्या. कुटुंबाची आर्थिक स्थिती बेताची होती. विवाहापूर्वी शिक्षिका असलेल्या आईने रेचल यांना लहानपणापासून शेत, ओढे आणि रानातील जीवसृष्टीची ओळख करून दिली. आईचा हा सहवास पुढे जवळजवळ आयुष्यभर टिकला. १९१८ मध्ये 'सेंट निकोलस' या मुलांच्या मासिकात रेचल यांची पहिली कथा छापून आली. समुद्राचे त्यांना लहानपणापासून आकर्षण होते. परंतु समुद्राचे प्रत्यक्ष दर्शन त्यांना महाविद्यालयीन शिक्षण संपेपर्यंत घडले नव्हते.

१९२५ मध्ये शालेय शिक्षण पूर्ण करून त्यांनी पिट्सबर्ग येथील पेनसिल्व्हेनिया कॉलेज फॉर विमेन या महाविद्यालयात प्रवेश घेतला. ही संस्था आज चॅटम विद्यापीठ म्हणून ओळखली जाते. लेखिका होण्याच्या इच्छेने त्यांनी आरंभी इंग्रजी हा विषय निवडला होता. जीवशास्त्राच्या प्राध्यापिका मेरी स्कॉट स्किंकर यांच्या प्रभावामुळे १९२८ मध्ये त्यांनी विषय बदलून जीवशास्त्र घेतले. विज्ञानाच्या क्षेत्रात स्त्रियांना नोकऱ्या जवळजवळ मिळत नसत, अशा काळातील हा निर्णय होता. १९२९ मध्ये त्या उच्च श्रेणीत पदवीधर झाल्या. त्याच उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधील वुड्स होल येथील सागरी जीवशास्त्र प्रयोगशाळेत त्यांनी काही आठवडे अभ्यास केला. तेथे त्यांचा समुद्राशी पहिला निकटचा परिचय झाला.

बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून १९३२ मध्ये त्यांनी प्राणिशास्त्रातील पदव्युत्तर पदवी मिळवली. कॅटफिश या माशाच्या भ्रूणावस्थेतील आद्यवृक्काची वाढ हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. शिक्षण चालू असतानाच त्या अध्यापनही करीत. महामंदीच्या काळात घरची जबाबदारी वाढल्याने १९३४ मध्ये त्यांना डॉक्टरेटचा अभ्यास सोडावा लागला. पुढील वर्षी वडिलांचे आकस्मिक निधन झाले आणि कुटुंबाचा भार प्रामुख्याने त्यांच्यावर आला.

मत्स्यव्यवसाय विभागात प्रवेश

अमेरिकेच्या मत्स्यव्यवसाय विभागाला या सुमारास जलचरांच्या जीवनावर आकाशवाणीसाठी ५२ लघु कार्यक्रमांची मालिका तयार करायची होती. विभागातील शास्त्रज्ञांना ते लेखन साधत नव्हते आणि व्यावसायिक लेखकांना विषयाचे ज्ञान नव्हते. विभागातील अधिकारी एल्मर हिगिन्स यांनी हे काम अर्धवेळ तत्त्वावर कार्सन यांच्याकडे सोपवले. ही मालिका यशस्वी ठरली. त्यानंतर कार्सन यांनी सरकारी सेवेची स्पर्धा परीक्षा दिली आणि तीत पहिला क्रमांक मिळवला. १९३६ मध्ये कनिष्ठ जलजीवशास्त्रज्ञ या पदावर वार्षिक २,००० डॉलर वेतनावर त्यांची नेमणूक झाली. या विभागात पूर्णवेळ शास्त्रीय पदावर नेमल्या गेलेल्या त्या दुसऱ्या महिला होत्या.

माशांच्या संख्येविषयीची क्षेत्रीय माहिती तपासणे, तिचे अहवाल तयार करणे आणि जनतेसाठी माहितीपत्रके लिहिणे हे त्यांचे काम होते. याच माहितीच्या आधारे चेसापीक उपसागरातील मासेमारीवर त्या वृत्तपत्रांतूनही लेखन करीत. विभागाच्या एका पुस्तिकेसाठी त्यांनी लिहिलेली प्रस्तावना हिगिन्स यांना सरकारी प्रकाशनाच्या मानाने फारच वाङ्मयीन वाटली. त्यांनी ती परत केली आणि 'अटलांटिक मंथली' या मासिकाकडे पाठवण्यास सुचवले. सप्टेंबर १९३७ मध्ये 'अंडरसी' या शीर्षकाने तो निबंध प्रसिद्ध झाला. न्यूयॉर्कमधील सायमन अँड शुस्टर या प्रकाशनसंस्थेचे त्याकडे लक्ष गेले आणि त्यातून कार्सन यांच्या पहिल्या पुस्तकाची कल्पना पुढे आली. त्याच वर्षी त्यांच्या थोरल्या बहिणीचे निधन झाले. तिच्या दोन मुलींचा सांभाळ रेचल व त्यांच्या आईने केला.

मत्स्य व वन्यजीव सेवेतील कार्य

१९४० मध्ये मत्स्यव्यवसाय विभाग आणि जीवशास्त्रीय सर्वेक्षण विभाग यांचे एकत्रीकरण होऊन गृहविभागाच्या अखत्यारीत मत्स्य व वन्यजीव सेवा स्थापन झाली. यापूर्वी मासे हा व्यापाराचा विषय, तर पक्षी व सस्तन प्राणी हा शेतीचा विषय मानला जाई. आता नद्या, पाणथळ जागा, स्थलांतरित पक्षी आणि किनारी मत्स्यसंपत्ती यांचा विचार एकाच यंत्रणेत होऊ लागला. कार्सन यांची बदली याच सेवेत झाली. देशभरातील संशोधन केंद्रांचे अहवाल त्यांच्या टेबलावरून जात. मासा, पक्षी, पाणी आणि माती यांच्यातील परस्परसंबंधांचे चित्र त्यांच्यासमोर हळूहळू उभे राहिले.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मांसाचा तुटवडा जाणवू लागल्याने सरकारने नागरिकांना माशांचा आहार वाढवण्याचे आवाहन केले. यासाठी कार्सन यांनी १९४३ ते १९४५ या काळात चार पुस्तिका लिहिल्या. न्यू इंग्लंड, मध्य-पश्चिम प्रांत, दक्षिण अटलांटिक व मेक्सिकोचे आखात आणि मध्य अटलांटिक किनारा येथील मासे व शिंपल्यांची माहिती त्यांत होती. मोजक्याच लोकप्रिय जातींवर मासेमारीचा ताण पडू नये म्हणून कमी परिचित मासेही खावेत, असा या पुस्तिकांचा रोख होता.

युद्धानंतर राष्ट्रीय वन्यजीव अभयारण्यांची ओळख करून देणारी 'कॉन्झर्वेशन इन अ‍ॅक्शन' ही पुस्तिकामाला त्यांच्या देखरेखीखाली निघाली. व्हर्जिनियातील चिंकोटीग, उत्तर कॅरोलायनातील मॅटामस्कीट, मॅसॅच्युसेट्समधील पार्कर रिव्हर आणि यूटामधील बेअर रिव्हर या अभयारण्यांना भेटी देऊन त्यांनी पुस्तिका लिहिल्या. दलदलीची पाणथळ जमीन म्हणजे वाया गेलेली जमीन, हा समज त्या काळी रूढ होता. बदके व हंस यांच्या स्थलांतरासाठी अशा जागांची साखळी का आवश्यक आहे, हे या पुस्तिकांतून स्पष्ट करण्यात आले. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तिकेत त्यांनी राष्ट्राच्या वन्यजीवसंपत्तीचा आणि तिच्या ऱ्हासाच्या कारणांचा समग्र आढावा घेतला. १९४९ मध्ये त्या सेवेच्या सर्व प्रकाशनांच्या मुख्य संपादक झाल्या.

त्याच वर्षी 'अल्बाट्रॉस ३' या संशोधन जहाजावरून त्यांनी जॉर्जेस बँक या प्रसिद्ध मासेमारी क्षेत्राची सफर केली. अशा जहाजावर स्त्रियांना नेण्याची प्रथा नव्हती. एकट्या स्त्रीला परवानगी देण्यास अधिकारी राजी नसल्याने त्यांच्या वाङ्मयीन प्रतिनिधी मारी रोडेल याही त्यांच्याबरोबर गेल्या. समुद्रतळावरून ओढून आणलेल्या जाळ्यांतील जीव आणि माशांची गणना करण्याची पद्धत कार्सन यांना येथे जवळून पाहता आली.

डीडीटीच्या पहिल्या चाचण्या

डीडीटी या रसायनाचा कीटकनाशक गुण स्वित्झर्लंडमधील पाउल म्युलर यांनी १९३९ मध्ये शोधून काढला होता. युद्धकाळात टायफस व हिवताप यांच्या नियंत्रणासाठी त्याचा मोठा उपयोग झाला आणि १९४८ मध्ये म्युलर यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. युद्धानंतर हे रसायन शेती, जंगले आणि घरगुती वापरासाठी खुले करण्यात आले. मत्स्य व वन्यजीव सेवेच्या मेरीलँडमधील पटक्संट संशोधन केंद्रात मात्र १९४५ पासूनच डीडीटीचा पक्षी, मासे व अन्य जीवांवरील परिणाम तपासला जात होता. सेवेतील क्लॅरेन्स कॉटम व एल्मर हिगिन्स यांनी १९४६ मध्ये त्याविषयीचा अहवाल प्रसिद्ध केला. मासे व खेकडे यांना अल्प मात्राही घातक ठरते आणि वापर जपून व्हावा, असा इशारा त्यात होता.

या चाचण्यांवर लेख लिहिण्याचा प्रस्ताव कार्सन यांनी जुलै १९४५ मध्ये 'रीडर्स डायजेस्ट' या मासिकाकडे पाठवला होता. तो स्वीकारला गेला नाही. त्यानंतर सुमारे बारा वर्षे त्यांनी या विषयावर स्वतंत्र लेखन केले नाही. मात्र सेवेतील सहकाऱ्यांच्या संशोधनाशी त्यांचा संबंध कायम राहिला.

सागरविषयक ग्रंथ

कार्सन यांचा पहिला ग्रंथ 'अंडर द सी-विंड' नोव्हेंबर १९४१ मध्ये प्रसिद्ध झाला. सँडरलिंग हा किनाऱ्यावरील पक्षी, बांगड्याच्या कुळातील मॅकरेल आणि ईल यांच्या जीवनक्रमातून त्यात समुद्राचे दर्शन घडवले आहे. समीक्षकांनी त्याची प्रशंसा केली. पण महिनाभरातच पर्ल हार्बरवरील हल्ल्यामुळे अमेरिका युद्धात उतरली आणि पुस्तकाकडे वाचकांचे दुर्लक्ष झाले.

दुसरा ग्रंथ 'द सी अराउंड अस' कार्यालयीन काम सांभाळून रात्री व सुट्टीच्या दिवशी लिहिला गेला. युद्धकाळात पाणबुड्यांच्या गरजेपोटी समुद्रविज्ञानात बरीच प्रगती झाली होती. लाटा, प्रवाह, समुद्रतळाची रचना आणि खोल पाण्यातील जीवन यांविषयीचे हे नवे ज्ञान कार्सन यांनी या ग्रंथात एकत्र आणले. 'न्यू यॉर्कर' साप्ताहिकातून त्याचे काही भाग प्रसिद्ध झाल्यानंतर जुलै १९५१ मध्ये ग्रंथ बाजारात आला. सर्वाधिक खपाच्या पुस्तकांच्या 'न्यू यॉर्क टाइम्स'च्या यादीत तो ८६ आठवडे राहिला. १९५२ मध्ये त्याला राष्ट्रीय ग्रंथ पारितोषिक आणि जॉन बरोज पदक मिळाले. पहिल्या ग्रंथाची नवी आवृत्तीही त्याच वर्षी निघाली आणि तिचाही मोठा खप झाला. ग्रंथावर निघालेल्या माहितीपटाला ऑस्कर पारितोषिक मिळाले. परंतु त्यातील शास्त्रीय चुकांमुळे कार्सन असमाधानी होत्या. त्यानंतर त्यांनी आपल्या कोणत्याही पुस्तकाचे चित्रपटाचे हक्क विकले नाहीत.

आर्थिक स्थैर्य लाभल्याने १९५२ मध्ये त्यांनी सरकारी नोकरीचा राजीनामा दिला. मेन राज्यातील साउथपोर्ट बेटावर त्यांनी समुद्रकाठी छोटे घर बांधले. तेथील शेजारी डोरोथी फ्रीमन यांच्याशी त्यांचा जिव्हाळ्याचा स्नेह जुळला आणि तो अखेरपर्यंत टिकला. दोघींमधील विपुल पत्रव्यवहार १९९५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. भरती-ओहोटीच्या पट्ट्यातील जीवसृष्टीचे वर्णन करणारा 'द एज ऑफ द सी' हा तिसरा सागरविषयक ग्रंथ १९५५ मध्ये निघाला. त्यातील चित्रे मत्स्य व वन्यजीव सेवेतील त्यांचे सहकारी बॉब हाइन्स यांनी काढली होती.

नोकरी सोडल्यानंतरही या सेवेच्या कारभाराकडे त्यांचे लक्ष होते. १९५३ मध्ये नव्या सरकारने सेवेचे अनुभवी संचालक अल्बर्ट डे यांना पदावरून दूर केले, तेव्हा कार्सन यांनी 'वॉशिंग्टन पोस्ट'मध्ये पत्र लिहून निषेध नोंदवला. नैसर्गिक संपत्तीचा कारभार राजकीय सोयीनुसार नव्हे, तर जाणकारांच्या हाती असावा, ही भूमिका त्यांनी त्यात मांडली. हे पत्र देशातील इतर वृत्तपत्रांनीही छापले.

'सायलेंट स्प्रिंग'ची पूर्वपीठिका

अमेरिकेतील कृत्रिम कीटकनाशकांचे उत्पादन १९४७ मध्ये सुमारे १२ कोटी ४० लाख पौंड होते. १९६० पर्यंत ते सुमारे ६३ कोटी ७० लाख पौंडांवर गेले. १९५७ मध्ये कृषी विभागाने दक्षिणेकडील राज्यांत 'फायर अँट' या मुंगीच्या निर्मूलनासाठी विमानांतून डिल्ड्रिन व हेप्टाक्लोर यांची व्यापक फवारणी सुरू केली. त्याच वर्षी न्यूयॉर्कजवळील लाँग आयलंडवर जिप्सी मॉथ या पतंगाच्या नाशासाठी डीडीटी फवारण्यात आले. तेथील काही रहिवाशांनी त्याविरुद्ध न्यायालयात दाद मागितली. जानेवारी १९५८ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील लेखिका ओल्गा ओवेन्स हकिन्स यांनी डासनिर्मूलनाच्या फवारणीनंतर आपल्या परिसरात मेलेल्या पक्ष्यांविषयी एका वृत्तपत्राला पत्र लिहिले आणि त्याची प्रत कार्सन यांना पाठवली. या घटनांनंतर कार्सन यांनी संशोधनास सुरुवात केली.

हा काळ त्यांच्यासाठी कौटुंबिकदृष्ट्याही कठीण होता. १९५७ मध्ये त्यांच्या भाचीचे निधन झाले आणि तिच्या पाच वर्षांच्या मुलाला त्यांनी दत्तक घेतले. डिसेंबर १९५८ मध्ये त्यांची आई वारली.

आरंभी एका लेखापुरता असलेला विषय चार वर्षांच्या अभ्यासाने ग्रंथाएवढा झाला. मत्स्य व वन्यजीव सेवेतील जुने सहकारी, विद्यापीठांतील प्राणिशास्त्रज्ञ, वैद्यकीय संशोधक आणि इतर देशांतील तज्ज्ञ यांच्याशी त्यांनी मोठा पत्रव्यवहार केला. स्वतः प्रयोग करण्यापेक्षा विखुरलेल्या संशोधनाची जुळणी करणे हे त्यांचे मुख्य कार्य होते. एका केंद्रातील मत्स्यतज्ज्ञाला दुसऱ्या राज्यातील पक्षितज्ज्ञाचे निष्कर्ष ठाऊक नसत आणि कर्करोगाच्या अभ्यासकाला या दोघांचेही निष्कर्ष ठाऊक नसत. ग्रंथाच्या शेवटी त्यांनी दिलेली संदर्भसूची ५५ पृष्ठांची होती.

ग्रंथाचा आशय

'सायलेंट स्प्रिंग' म्हणजे निःशब्द वसंत. सतरा प्रकरणांच्या या ग्रंथाचा आरंभ पक्ष्यांचे आवाज थांबलेल्या एका काल्पनिक गावाच्या वर्णनाने होतो. त्यानंतरची मांडणी मात्र प्रत्यक्ष नोंदींवर आधारलेली आहे.

कॅलिफोर्नियातील क्लिअर लेक या सरोवराचे उदाहरण त्यांत विशेष प्रसिद्ध आहे. चिलटांच्या नाशासाठी तेथे १९४९, १९५४ आणि १९५७ मध्ये डीडीटीशी साम्य असलेले डीडीडी हे रसायन अत्यंत विरळ प्रमाणात सोडण्यात आले. त्यानंतर ग्रीब हे पाणपक्षी मरू लागले. तपासणीत सरोवरातील सूक्ष्म प्लवकांमध्ये या रसायनाचे प्रमाण दशलक्ष भागांत सुमारे ५ भाग, वनस्पतिभक्षी माशांमध्ये ४० ते ३०० भाग, तर ग्रीब पक्ष्यांच्या चरबीत १,६०० भाग आढळले. पाण्यात नगण्य वाटणारे विष अन्नसाखळीच्या प्रत्येक पायरीवर कसे साचत जाते, हे यावरून स्पष्ट झाले. पहिल्या फवारणीपूर्वी तेथे ग्रीबच्या हजाराहून अधिक जोड्या होत्या; १९६० पर्यंत त्या ३० च्या आसपास उरल्या.

मिशिगन राज्य विद्यापीठाच्या आवारात एल्म वृक्षांच्या रोगावर उपाय म्हणून फवारणी करण्यात आली होती. झाडांची पाने गळून कुजली, ती गांडुळांनी खाल्ली आणि गांडुळे खाणारे रॉबिन पक्षी पुढील वसंत ऋतूत मरू लागले. कॅनडातील मिरामिशी नदीच्या खोऱ्यात १९५४ मध्ये स्प्रूस वृक्षांवरील अळीसाठी जंगलांवर डीडीटी फवारण्यात आले. त्यामुळे नदीतील जलकीटक नष्ट झाले आणि त्यांवर जगणारी सॅमन माशांची पिल्ले मोठ्या संख्येने मेली. या नदीतील सॅमनची शास्त्रीय गणना आधीपासून चालू असल्याने हानीचे मोजमाप करता आले. पटक्संट केंद्रातील जेम्स डीविट यांनी लावा व फेजंट या पक्ष्यांवर केलेल्या प्रयोगांचाही ग्रंथात आधार घेतला आहे. डीडीटीमिश्रित खाद्यावर जगलेले पक्षी वरकरणी धडधाकट दिसत. परंतु त्यांच्या अंड्यांतून पिल्ले बाहेर येण्याचे किंवा जगण्याचे प्रमाण घटत असे.

कीटकनाशकांवर संपूर्ण बंदी घालावी, अशी मागणी या ग्रंथात नाही. पुरेसे संशोधन न करता आणि नागरिकांना कल्पना न देता होणाऱ्या सरसकट वापराला त्यात विरोध आहे. अतिवापरामुळे कीटकांमध्ये प्रतिकारशक्ती निर्माण होते आणि रोगनियंत्रणासाठी असलेली साधने निकामी होतात, याकडेही कार्सन यांनी लक्ष वेधले. नैसर्गिक शत्रूंचा वापर, वंध्य केलेले नर कीटक सोडणे असे जैविक पर्याय त्यांनी अखेरच्या प्रकरणात सुचवले. हा ग्रंथ त्यांनी अल्बर्ट श्वाइट्झर यांना अर्पण केला.

आजारपण

लेखन चालू असताना १९६० च्या वसंत ऋतूत कार्सन यांच्यावर स्तनाची शस्त्रक्रिया झाली. गाठ कर्करोगाची असल्याचे डॉक्टरांनी त्यांना स्पष्टपणे सांगितले नाही. त्या काळी स्त्री रुग्णांना असे निदान न सांगण्याची पद्धत रूढ होती. वर्षाअखेरीस आजार पसरल्याचे लक्षात आल्यावर त्यांनी दुसऱ्या तज्ज्ञाचा सल्ला घेतला आणि किरणोपचार सुरू केले. सांधेदुखी, डोळ्यांचा दाह आणि पोटातील व्रण यांमुळेही काम वारंवार थांबले.

आजाराची माहिती त्यांनी निकटच्या मोजक्या व्यक्तींपुरतीच ठेवली. कीटकनाशके आणि कर्करोग यांच्यातील संबंधावर ग्रंथात चर्चा होती. लेखिकाच कर्करोगाने ग्रस्त आहे हे कळल्यास तिच्या निष्कर्षांच्या निःपक्षपातीपणावर विरोधक शंका घेतील, अशी त्यांना भीती होती. पुढील दोन वर्षांतील सर्व जाहीर कार्यक्रमांना त्या आजाराचा उल्लेख न करता उपस्थित राहिल्या.

प्रकाशन आणि वाद

जून १९६२ मध्ये 'न्यू यॉर्कर'मधून ग्रंथाचे तीन भाग प्रसिद्ध झाले आणि २७ सप्टेंबर १९६२ रोजी हॉटन मिफ्लिन या संस्थेने ग्रंथ प्रकाशित केला. तत्पूर्वीच व्हेल्सिकॉल या रसायन कंपनीने प्रकाशकाला कायदेशीर कारवाईचा इशारा दिला होता. प्रकाशकाने मजकुराची तज्ज्ञांकडून पुन्हा तपासणी करून घेतली आणि प्रकाशन थांबवले नाही. कीटकनाशके नसल्यास देशावर कोणते संकट ओढवेल याचे चित्र रंगवणारे विडंबन मॉन्सँटो कंपनीने छापून वाटले. अमेरिकन सायनामिड या कंपनीतील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट व्हाइट-स्टीव्हन्स हे उद्योगक्षेत्राच्या बाजूने बोलणारे प्रमुख टीकाकार होते. कार्सन यांच्याकडे डॉक्टरेट नाही, त्या कोणत्याही संस्थेशी संलग्न नाहीत आणि अविवाहित स्त्री असल्याने भावनाप्रधान आहेत, असे आक्षेप घेण्यात आले. काही शास्त्रज्ञांनी मात्र, ग्रंथात कीटकनाशकांच्या फायद्यांना पुरेसे स्थान दिलेले नाही, अशी टीका केली.

३ एप्रिल १९६३ रोजी सीबीएस दूरचित्रवाणी वाहिनीने या विषयावर विशेष कार्यक्रम प्रसारित केला. प्रसारणापूर्वी काही प्रायोजकांनी माघार घेतली. कार्सन यांचे संयत व नेमके बोलणे या कार्यक्रमातून लक्षावधी प्रेक्षकांपर्यंत पोहोचले आणि जनमत त्यांच्या बाजूने झुकले.

शासकीय चौकशी

ऑगस्ट १९६२ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन एफ. केनेडी यांना पत्रकार परिषदेत कीटकनाशकांविषयी प्रश्न विचारण्यात आला. त्यांनी कार्सन यांच्या लेखनाचा उल्लेख करून या प्रश्नाचा अभ्यास सुरू असल्याचे सांगितले. त्यांच्या विज्ञान सल्लागार समितीचा अहवाल १५ मे १९६३ रोजी प्रसिद्ध झाला. कीटकनाशकांचे अवशेष वातावरणात साठत असल्याचे त्यात मान्य करण्यात आले होते आणि टिकाऊ विषारी रसायनांचा वापर टप्प्याटप्प्याने बंद करण्याची शिफारस होती. 'सायलेंट स्प्रिंग'पूर्वी सर्वसामान्य जनतेला या रसायनांच्या विषारीपणाची जाणीव नव्हती, हेही अहवालात नमूद केले होते.

४ जून १९६३ रोजी कार्सन यांनी सिनेटर अब्राहम रिबिकॉफ यांच्या अध्यक्षतेखालील उपसमितीसमोर साक्ष दिली. हवाई फवारणीवर कडक नियंत्रण असावे, नागरिकाला स्वतःच्या घरात इतरांनी फवारलेल्या विषापासून संरक्षण मिळावे आणि कीटकनाशकांविषयीचे निर्णय हितसंबंध नसलेल्या तज्ज्ञांच्या स्वतंत्र मंडळाने घ्यावेत, अशा सूचना त्यांनी केल्या. त्या वेळी कर्करोग त्यांच्या हाडांत पसरलेला होता. १९६३ च्या अखेरीस मिसिसिपी नदीच्या खालच्या टप्प्यात लाखो मासे मेले. पुढील वसंत ऋतूत सरकारी तपासात एन्ड्रिन या कीटकनाशकाला त्यासाठी जबाबदार धरण्यात आले.

निधन

१४ एप्रिल १९६४ रोजी मेरीलँडमधील सिल्व्हर स्प्रिंग येथील राहत्या घरी हृदयविकाराच्या झटक्याने कार्सन यांचे निधन झाले. मृत्युसमयी त्यांचे वय ५६ वर्षे होते. त्यांच्या रक्षेचा काही भाग आईच्या थडग्याशेजारी पुरण्यात आला आणि उरलेला भाग साउथपोर्ट बेटाच्या किनाऱ्यावर समुद्रात विसर्जित करण्यात आला.

प्रभाव आणि मूल्यमापन

१९७० मध्ये अमेरिकेत पर्यावरण संरक्षण संस्था स्थापन झाली आणि कीटकनाशकांच्या नियमनाचा अधिकार कृषी विभागाकडून तिच्याकडे आला. शेतीला प्रोत्साहन देणाऱ्या यंत्रणेकडेच विषारी रसायनांच्या नियंत्रणाचे काम नसावे, हा कार्सन यांच्या टीकेतील एक महत्त्वाचा मुद्दा होता. या संस्थेने १९७२ मध्ये डीडीटीच्या बहुतेक सर्व वापरांवर बंदी घातली. दरम्यान १९६७ मध्ये ब्रिटिश संशोधक डेरेक रॅटक्लिफ यांनी पेरेग्रीन ससाण्याच्या अंड्यांची कवचे पातळ होत असल्याचे दाखवून दिले. डीडीटीमुळे शिकारी पक्ष्यांचे प्रजनन कसे खुंटते, याचा उलगडा त्यातून झाला. कार्सन यांनी पक्ष्यांच्या घटत्या संख्येविषयी मांडलेल्या चिंतेला यामुळे पुष्टी मिळाली. अमेरिकेचे राष्ट्रीय प्रतीक असलेला टकला गरुड २००७ मध्ये संकटग्रस्त प्रजातींच्या यादीतून वगळण्यात आला.

२००१ मधील स्टॉकहोम कराराने डीडीटीचा वापर रोगवाहक कीटकांच्या नियंत्रणापुरता मर्यादित केला. भारतात डीडीटीचा शेतीतील वापर १९८९ मध्ये बंद करण्यात आला. हिवताप व काळा आजार यांच्या नियंत्रणासाठी तो चालू राहिला. त्यासाठी लागणाऱ्या डीडीटीचे उत्पादन करणाऱ्या सरकारी कारखान्यांपैकी एक महाराष्ट्रातील रायगड जिल्ह्यात रसायनी येथे होता.

डीडीटीवरील निर्बंधांमुळे विकसनशील देशांत हिवतापाचे बळी वाढले आणि त्यास कार्सन जबाबदार आहेत, असा आरोप त्यांच्या मृत्यूनंतर अनेक वर्षांनी होऊ लागला. १९७२ ची बंदी अमेरिकेपुरती होती आणि हिवताप नियंत्रणासाठीचा वापर आंतरराष्ट्रीय पातळीवर कधीही पूर्णपणे थांबवला गेला नव्हता, याकडे अभ्यासक लक्ष वेधतात. शेतीतील अतिवापरामुळे डासांमध्ये निर्माण झालेली प्रतिकारशक्ती हे नियंत्रण कार्यक्रमांच्या अपयशाचे एक प्रमुख कारण होते. कार्सन यांनी याच धोक्याचा इशारा दिला होता.

'सायलेंट स्प्रिंग'मधील कर्करोगविषयक काही अनुमाने नंतरच्या संशोधनाने बदलली आहेत. अन्नसाखळीतील विषसंचय, कीटकांची प्रतिकारशक्ती आणि निसर्गातील घटकांचे परस्परावलंबन यांविषयीचे त्यांचे विवेचन मात्र आज पर्यावरणशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांचा भाग झाले आहे. सार्वजनिक पैशांतून झालेले संशोधन जनतेला समजेल अशा भाषेत जनतेपर्यंत पोहोचले पाहिजे, हा मत्स्य व वन्यजीव सेवेत त्यांनी अंगीकारलेला दंडक त्यांच्या अखेरच्या ग्रंथातही कायम राहिला.

सन्मान

१९६३ मध्ये कार्सन यांना ऑडुबॉन सोसायटीचे पदक आणि अमेरिकन भौगोलिक संस्थेचे कलम पदक मिळाले. अमेरिकन कला व साहित्य अकादमीवरही त्यांची निवड झाली. १९८० मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी त्यांना मरणोत्तर 'प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम' हा सर्वोच्च नागरी सन्मान दिला. १९८१ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढण्यात आले. मेन राज्याच्या किनाऱ्यावरील खाडी व दलदलीचे रक्षण करणाऱ्या राष्ट्रीय वन्यजीव अभयारण्याला त्यांचे नाव देण्यात आले आहे. हे अभयारण्य मत्स्य व वन्यजीव सेवेच्या व्यवस्थापनाखाली आहे.

ग्रंथसंपदा

अंडर द सी-विंड (१९४१)
द सी अराउंड अस (१९५१)
द एज ऑफ द सी (१९५५)
सायलेंट स्प्रिंग (१९६२)
द सेन्स ऑफ वंडर (१९६५, मरणोत्तर)